जुनी घरं आणि त्यातली माणसं

पणजीच्या फोंतेन्हास या पोर्तुगीज काळातल्या वस्तीतली जुनी घरं जपायची म्हटलं की बोलणं बहुधा दर्शनी भिंतीच्या रंगाशीच घुटमळतं. पोर्तुगालमध्ये हा विचार फार खोलवर झाला आहे.

१९५५ ते १९६० या काळात तिथल्या वास्तुरचनाकारांच्या सहा तुकड्यांनी खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची घरं मोजली, रेखाटली. तिथल्या सालाझारच्या हुकूमशाही राजवटीला एकच ‘पोर्तुगीज शैली’ हवी होती. सापडलं भलतंच! उत्तरेत ग्रॅनाइटची घरं, खाली गुरं आणि वर माणसं. दक्षिणेत आलेंतेजूला धुमसाने ठोकलेल्या मातीच्या भिंती, चुन्याची सफेदी, भलंमोठं धुराडं. जशी माती, जशी हवा, तसं घर.

त्या पाहणीत असलेले वास्तुरचनाकार फेर्नांदु ताव्होरा स्वतः आधुनिक विचाराचे. पुढे उत्तर पोर्तुगालमधल्या गिमाराइंशच्या जुन्या शहराच्या जतनाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. तिथे लाकडी सांगाड्याच्या भिंती जुन्याच पद्धतीने दुरुस्त झाल्या आणि, मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की रहिवाशांना हलवलं नाही. २००१ मध्ये युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा ठरवला.

गोवा सरकारने फोंतेन्हासमध्ये राहणाऱ्या कुटुंबांना दुरुस्तीसाठी अर्थसाह्य द्यावं आणि चुन्याचं काम जाणणारे गवंडी तयार करावेत, ही विनंती.

– एक वाचक, पणजी