पावसानंतरचे मूल्यमापन

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

परदेशी मदतीवर चालणाऱ्या विकास प्रकल्पांचे व्यवस्थापन कसे असावे, हा आपल्या पुरवणीतला लेख काल वाचला. रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो, ते सकाळी वाचून फाडून टाकले. हे त्यातल्या त्यात शांतपणे लिहिलेले आहे.

लेख नीटनेटका आहे. नियोजन, मंजुरी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन आणि तिथून बाण वळून पुन्हा नियोजन. चक्र फार सुंदर छापले आहे. त्या चक्रात मी सतरा वर्षे काढली, त्यातली बरीचशी देखरेख-मूल्यमापन खात्यात. मूल्यमापनाकडून नियोजनाकडे जाणारा तो शेवटचा बाण मात्र मला कागदाबाहेर कधी भेटला नाही.

आधी किरकोळ गोष्ट. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे मूल्यमापनाचे निकष पाच, असे लेखात आहे. ते १९९१ साली पाच होते. २०१९ मध्ये ‘सुसंगती’ हा सहावा आला. नियोजन काटेकोर हवे हे शिकवणाऱ्या लेखात हे राहून जावे याची गंमत वाटली.

आता मुद्दा. नियोजन फसले की काय होते हे सांगायला लेखकांनी केनियातल्या तुर्काना सरोवराकाठचा मासळीचा कारखाना घेतला आहे. नॉर्वेच्या पैशाने गुरे राखणाऱ्या लोकांसाठी उभारला, आणि गोठवण्याच्या यंत्रणेचा खर्चच परवडेना म्हणून लगेच बंद पडला, तो. या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात तो येतोच. त्याला हसायला कोणाचीच हरकत नसते, कारण आपण इतके मूर्ख नाही अशी ऐकणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते.

त्याऐवजी बांगलादेशच्या कूपनलिका घ्यायच्या होत्या. तळ्यांचे पाणी पिऊन मुले अतिसाराने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि इतरांच्या मदतीने गावोगाव कूपनलिका खोदल्या. हेतू चांगला, पाणी जंतूंच्या चाचणीत उत्तीर्ण, कूपनलिकांचा आकडा दरवर्षी चढता. त्या पाण्यात विषारी आर्सेनिक आहे हे उजेडात आले १९९३ मध्ये, कारण तोवर ते कोणी तपासतच नव्हते. कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. मग धोक्याच्या नळांना लाल आणि बऱ्या नळांना हिरवा रंग देत माणसे फिरली. इथे कोणी मूर्ख नव्हते. सगळे रकाने भरलेले होते. जे मोजायचे ठरले होते ते नीट मोजले जात होते, आणि म्हणूनच ही गोष्ट व्याख्यानांत कमी येते.

मी हे तावातावाने का सांगतो आहे ते आता सांगतो. देशाचे नाव देत नाही, संस्थेचेही नाही. संस्था अजून चालू आहे आणि माझ्या प्रवासभत्त्याची काही रक्कम तिच्याकडून अजून यायची आहे.

प्रकल्प पाण्याचा होता. डोंगराळ भागातल्या गावांत हातपंप बसवायचे. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या उद्दिष्टांच्या तक्त्यात, मुख्य इंडिकेटर, म्हणजे यश मोजायचे माप होते, पाणी आणायला जाऊन-येऊन लागणारा वेळ. इंडिकेटर उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. बेसलाइन, म्हणजे कामाआधीची पाहणी, मात्र वेळेवर झाली नाही, कारण सर्वेक्षणाचे टॅबलेट कस्टममध्ये अडकले. ते सुटेपर्यंत सहा गावांत पंप बसूनही गेले होते. पंप बसल्यावर ‘पंपाआधीची स्थिती’ कशी मोजणार? मग ती सहा गावे नमुन्यातून वगळली आणि उरलेल्या गावांत बेसलाइन उरकली, ऐन उन्हाळ्यात. झरे आटलेले. बायका एका खेपेला पाऊण तास सांगत होत्या, काही ठिकाणी त्याहून जास्त.

एंडलाइन, म्हणजे शेवटची पाहणी, केव्हा झाली असेल? प्रकल्पाची मुदत जेव्हा संपत होती तेव्हा. डोनरचे, म्हणजे पैसे देणाऱ्याचे, आर्थिक वर्ष, अंतिम अहवालाची तारीख, कन्सल्टंटचे मोकळे दिवस, हे सगळे जुळून आले पावसाळा संपता संपता. डोंगरातून जागोजागी पाणी वाहत होते. वेळ आला पंधरा-वीस मिनिटे. अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तेच.

मला राहवले नाही. आमच्या रस्त्यावर दोन गावे लागत, तिथे आमचा एकही पंप नव्हता. तिथे उतरून मी तेच प्रश्न विचारले, उन्हाळ्यात किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो. टॅबलेट यादीबाहेरचे गाव घेत नव्हता, म्हणून कागदावर तीस फॉर्म भरले. उन्हाळ्यातला वेळ आठवून सांगितलेला होता, हे मला कळत होते आणि मी ते लिहिलेही. पण तिथेही पाऊण तासाचे पंधरा-वीस मिनिटेच झाले होते. पंपाशिवाय.

मूल्यमापन पथकाच्या प्रमुखाला फॉर्म दाखवले. माणूस वाईट नव्हता. त्याचा करार बावीस दिवसांचा, त्यातले गावांत पाच, त्या पाचातला एक रस्ता खचल्यामुळे गेलेला. त्याने फॉर्म नीट वाचले, मग म्हणाला, “हे टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये नाही.” म्हणजे करारात नेमून दिलेल्या कामात नाही. पहिल्या मसुद्यात माझी नोंद सातव्या परिशिष्टात होती. अंतिम मसुद्यात परिशिष्टे सहाच होती.

परतीच्या वाटेवर गाडीत तो मला हळूच म्हणाला, “तुझे म्हणणे चूक नाही. पण हे छापले तर दुसरा टप्पा मिळणार नाही, आणि तुझी नोकरीही त्याच्याबरोबर जाईल.” दुसरा टप्पा मिळाला. माझी नोकरी आणखी तीन वर्षे चालली. त्या तीन वर्षांत मी परिशिष्टाचा विषय पुन्हा काढला नाही, हेही इथे लिहून टाकतो, नाहीतर आपल्या वाचकांना मी फार धुतल्या तांदळाचा वाटेन.

पंपांनी काहीच फरक पडला नाही, असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यात पडलाही असेल. आम्ही तो मोजला नाही, एवढेच. आणि उन्हाळा येईपर्यंत थांबायला पैसा नव्हता, कारण मूल्यमापनाचा पैसा प्रकल्पाच्याच बजेटमधला आणि बजेट मुदतीबरोबर बंद. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडे बसवलेल्या हातपंपांपैकी साधारण एक तृतीयांश कोणत्याही वेळी बंद असतात, असे या क्षेत्रात सर्रास सांगितले जाते. ते बंद पडतात वायसर झिजल्यावर, दांडा तुटल्यावर, सुटे भाग आणणारा माणूस गाव सोडून गेल्यावर. म्हणजे अहवाल जमा झाल्यानंतर. ‘शाश्वतता’ या निकषाखाली आम्ही काय लिहायचो? पाणी समिती स्थापन झाली, प्रशिक्षण झाले. झिजायला वेळच न मिळालेल्या वायसरवरून आणखी काय लिहिणार?

प्रकल्प संपल्यावर काही वर्षांनी परत जाऊन पाहणे अशक्य आहे का? जपानची जायका ही मदतसंस्था हे नेमाने करते आणि अहवाल लोकांसमोर ठेवते. आपल्या लेखात या प्रकाराला अर्धे वाक्य मिळाले आहे, आणि चक्राच्या चित्राला पाऊण पान.

लॉगफ्रेमबद्दलही लेखक फारच भक्तिभावाने लिहितात. सोळा चौकटींचा हा तक्ता १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या यूसेड या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी तयार झाला, आणि तो वाईट नाही. त्यातला शेवटचा रकाना गृहीतकांचा. तो कायम रात्री उशिरा, जेवणाआधी, घाईघाईत भरला जातो: ‘राजकीय स्थैर्य राहील’, ‘पाऊस सरासरीइतका होईल’. डोनर स्वतःच नाहीसा होणार नाही, असे गृहीतक मी कुठल्या तक्त्यात पाहिले नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूसेडची कामे जिथल्या तिथे थांबवायचे आदेश निघाले आणि जुलैत उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात गेले. ज्या संस्थेसाठी हा तक्ता जन्मला तीच गेली. लेखात याबद्दल एक शब्द नाही.

‘भागीदारी’वरच्या परिच्छेदाबद्दल एवढेच, की मदत देणाऱ्या-घेणाऱ्या देशांनी ती परिणामकारक व्हावी म्हणून केलेल्या २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याची तेरा उद्दिष्टे होती आणि २०१० पर्यंत त्यातले एक गाठले गेले. लेखकांनी जाहीरनाम्याचे वर्ष दिले आहे, हा निकाल दिलेला नाही.

आता तक्रार आपल्या संपादकीय विभागाबद्दल. लेखासोबतच्या तक्त्यात ‘आउटकम’ला ‘परिणाम’ म्हटले आहे आणि त्याच्या वरच्या चौकटीत ‘इम्पॅक्ट’लाही ‘परिणाम’च. त्यामुळे आपल्या तक्त्यात परिणामातून परिणाम होतो. इंग्रजी शब्द नको असतील तर पहिल्याला ‘निष्पत्ती’ आणि दुसऱ्याला ‘दूरगामी प्रभाव’ म्हणा. पण दोघांना एकाच नावाने हाक मारू नका. या धंद्यातला निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. पंप बसला हे एक, पंपावर बाई आली हे दुसरे, तिचा उन्हाळा बदलला हे तिसरे.

ते तीस फॉर्म माझ्याकडे अजून आहेत. लेखकांना पाहायचे असतील तर आपल्यामार्फत पाठवीन, अक्षर वाचता येईल इतपत आहे. आणि जागेअभावी हे पत्र कापावे लागलेच तर जरूर कापा, पण गेल्या खेपेसारखा वाक्यातला ‘नाही’ तेवढा कापू नका. त्या पत्रात मी ज्या गोष्टीला विरोध केला होता, तिचा समर्थक म्हणून मला अजून लोक ओळखतात.

आपला,
एक निवृत्त देखरेख अधिकारी
(कृपया नाव छापू नये)