धाकट्यानं तुझे बारा हजार दिलेत

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय बापू,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. राग नव्हता, लाज वाटत होती. आई बरी आहे, गुडघे तसेच. मी ठीक.

काल रात्री धाकट्यानं माझ्या मांडीवर पाकीट ठेवलं. पाचशेच्या चोवीस नोटा. "बापूदाचे आहेत," म्हणाला. फोनवरनं पाठव म्हटलं, तर नको म्हणाला. तू रोख दिले होतेस, तो रोखच देणार. गाण्याची पहिली कमाई आहे बापू! पाकीट धरून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तू त्याला माइकसाठी हे पैसे दिलेस, तेव्हा रंकाळ्यावर मी तुला नको नको ते बोललो. तुझा सख्खा भाऊ असता तर दिले असतेस का, इथपर्यंत गेलो. चुकलो. तू भेळ तशीच टाकून निघून गेलास. (भेळवाला अजून विचारतो, पैसे न देता गेलेले ते पाहुणे कुठायत?)

मला तेव्हा एवढंच दिसायचं, की पोरगा दिवसा रस्त्यावर मोबाइलची कव्हरं विकतोय आणि संध्याकाळी स्टँडमागं मटक्याच्या चिठ्ठ्या घेतोय. त्याच चिठ्ठ्यांच्या पाठीवर तो गाणी लिहायचा. आकड्यांच्या समजून मी एकदा गठ्ठाच फाडला, तो काही बोलला नाही. तुझा माइक आला आणि आईच्या कपाटात, साड्यांच्या मधे तोंड घालून त्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं. साड्यांनी आवाज घुमत नाही म्हणे. आई ओरडायची, "अरे, माझ्या पैठणीवर थुंकू नकोस!"

आता मूळ गोष्ट. व्हिडिओवाले आलेत. म्हणतात, स्टँडमागंच शूटिंग करू, जुनी पोरं मागं उभी करू, तुझ्या हातात कोयता देऊ. ह्यानं आयुष्यात विळीवर कांदा चिरला नाही, बापू! आणि हा हो म्हणायच्या बेतात आहे.

त्याचा देव तुला माहीतच आहे, भिंतीवरचा तो लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल. गँगमध्ये वाढला, चौकात गाडीच्या डिकीतनं सीडी विकल्या. 2013 मध्ये गाण्यांची मिक्सटेप इंटरनेटवर फुकट ठेवली आणि वर तिच्याच हजार सीडी शंभर-शंभर डॉलरला विकायला काढल्या. शंभर तर एकट्या जे-झी या बड्या रॅपरनं घेतल्या. ज्या चौकात उभा राहायचा तिथली दुकानं पुढं विकत घेतली. धाकटा हे सांगताना फुलून येतो. "दादा, त्यानं गल्ली सोडली नाही." पण 31 मार्च 2019 ला त्याच दुकानासमोर एका ओळखीच्या माणसानं त्याला गोळ्या घातल्या. 33 वर्षांचा होता. मला झोप लागत नाही ती तिथं.

गल्ली सोड असं मी कशाला म्हणू? आपली तालीम, शाहू स्टेडियमवरची मॅच सोडून तो जाणार कुठं? पण परवा तो चिठ्ठ्यांचा माणूस दारात आला, पेढे घेऊन. "आपला पोरगा मोठा झाला," म्हणाला. आपला! आईनं त्याला चहासुद्धा केला. पेढे मी कुणाला खाऊ दिले नाहीत.

आणि त्याचं जे गाणं चाललं, त्यात कोयता कुठाय? अतिक्रमणाची गाडी आली की चादरीची चार टोकं धरून कव्हरांसकट पळायचं, हे आहे त्यात. मागं राहिलेलं एक कव्हर उचलायला तो परत फिरतो, त्या ओळीला माझ्या घशात आवंढा येतो. ते त्यानं स्वतः सोसलंय. कोयता त्याचा नाही.

मी सांगितलं तर त्याला जुनंच भांडण वाटतं. तुझं ऐकेल. तू पहिल्यांदा विश्वास ठेवलास.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? छोटीचे फोटो पाहिले. नाक तुझं आलं नाही, अंबाबाई पावली.

शूटिंग पुढच्या रविवारी आहे. त्याआधी ये. पाकीट आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलंय, पाठवणार नाही. भेळेचे पैसेही तुलाच द्यायचेत.

तुझाच,
दोस्त