दाराला पाच चिमटे

रेडिंग, इंग्लंड
२ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

तिकिटं निघाली हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. आई, "आल्यावर मी नेमकं काय करायचं ते एकदा सांग," असं तू दोनदा म्हणालीस. फोनवर छकुली एक वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. पत्र सोबत आण, इथे फडताळाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवू.

आधी परीक्षेचं, कारण घराचं वेळापत्रक तिच्यावरच बेतलं आहे. एसक्यूई ही इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर होण्याची परीक्षा, २०२१ पासून सुरू झालेली. पहिला टप्पा जानेवारीत आहे. दोन पेपर, दोन वेगळ्या दिवशी, प्रत्येकी १८० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि त्यातला सर्वांत योग्य तो निवडायचा. दिवसाचे दोन भाग असतात: ९० प्रश्न, २ तास ३३ मिनिटं, मग एक तास सुट्टी, मग पुन्हा ९० प्रश्न, २ तास ३३ मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०२ सेकंद. पुस्तक नेता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो.

यात कायद्याइतकीच कसोटी बैठकीची आहे. साठाव्या प्रश्नाच्या पुढे डोकं जड होतं आणि प्रश्नातला एखादा 'नाही' नजरेतून निसटतो. वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी पाठांतर होतं, पण ही बैठक तयार होत नाही. म्हणून तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे: सकाळी ९.३० ते १२.०३ अखंड. मंगळवारी आणि शुक्रवारी पूर्ण सराव, म्हणजे दुपारी १.०३ ते ३.३६ अशी दुसरी बैठकही. तुमचे जावई सातलाच घर सोडतात. इथे सगळ्या मुलांना मिळणारे आठवड्याचे १५ मोफत तास, वर्षातले ३८ आठवडे, हे वयाची ३ वर्षं पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून सुरू होतात. छकुली आत्ता अडीच वर्षांची.

आता छकुलीला अडीच तास म्हणजे किती हे कसं समजवायचं? "बाराला येईन" याला तिच्या लेखी काही अर्थ नाही. त्यासाठी अभ्यासाच्या खोलीच्या दाराला सुतळी बांधली आहे आणि तिला कपड्यांचे पाच लाकडी चिमटे लावले आहेत. दर अर्ध्या तासाने तिला उचलून घ्यायचं आणि एक चिमटा तिच्या हातानं काढायचा. पाचवा निघाला की हात धुवायचे आणि दार वाजवायचं. उरलेली तीन मिनिटं त्यातच जातात. सुतळी तिच्या हाताला लागणार नाही इतकी उंच हवी, नाहीतर पाचही चिमटे एकदम निघतात. प्लास्टिकचे चिमटे नकोत, त्यांची स्प्रिंग सुटून उडते. आणि आई, ती कितीही रडली तरी चिमटा वेळेआधी काढू नकोस. एकदा रडून दार उघडलं की दुसऱ्या दिवशी ती त्याहून जास्त वेळ रडते. ताप, पडझड, इजा असेल तर मात्र चिमट्यांचा विचार करायचा नाही, सरळ आत यायचं.

दोन चिमट्यांच्या मधला वेळ कसा भरायचा, हे खरं काम. या वयाचं मूल एका गोष्टीत दहा-पंधरा मिनिटं रमतं. पाणी आणि पीठ हातात असलं तर त्याच्या दुप्पट. म्हणून पहिला अर्धा तास पिठाच्या गोळ्याचा.

त्याचं प्रमाण लिहून ठेव. मैदा १ वाटी, मीठ अर्धी वाटी, पाणी १ वाटी, तेल १ मोठा चमचा, क्रीम ऑफ टार्टर २ लहान चमचे. ही पांढरी आंबट पूड इथे केकच्या सामानात मिळते. ती नसेल तर लिंबाचा रस २ मोठे चमचे, आणि तेवढं पाणी कमी. आंबटामुळे गोळा ताणला जातो, तुटत नाही. सगळं थंड असतानाच गुठळी न ठेवता कालवायचं आणि मग मंद आचेवर उलथन्याने सतत हलवायचं. तीन ते पाच मिनिटांत मिश्रण पातेल्याची कड सोडून उकडीसारखं गोळा होतं. कोमट झालं की मोदकाच्या उकडीसारखंच मळायचं. हाताला चिकटत असेल तर ते कच्चं आहे, आणखी मिनिटभर परतायचं. वरून मैदा घातलास तर दुसऱ्या दिवशी भुगा होतो. भेगा पडत असतील तर तेलाचा हात लावून मळायचं. इथली शेगडी विजेची आहे, बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून पातेलं लगेच बाजूला उचल, नाहीतर तळ करपतो. रंगासाठी चिमूटभर हळद किंवा बिटाचा रस. घट्ट झाकणाच्या डब्यात गोळा तीन-चार आठवडे टिकतो. वास बदलला किंवा बुरशी दिसली की टाकून द्यायचा. यात मीठ फार आहे, त्यामुळे चाटला तर ती स्वतःच तोंड वाकडं करते, पण घासभर गिळू द्यायचा नाही.

लाटून, वाळवून ठेवायच्या वस्तूंचं पीठ वेगळं: मैदा २ वाट्या, मीठ १ वाटी, पाणी पाऊण ते एक वाटी, शिजवायचं नाही. पोळीच्या कणकेहून घट्ट भिजवायचं. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून वाटीने गोल पाडायचे, तिचा पंजा उमटवायचा, ओवायचं असेल तर आत्ताच स्ट्रॉने भोक पाडायचं. मग ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. घाई करून आच वाढवली की आत वाफ कोंडते आणि फुगे येतात. जाडी कमी-जास्त असेल तर तडा जातो. इथे एक मोठी चूक हमखास होते. दुकानात मैद्याच्या दोन पिशव्या शेजारी-शेजारी असतात, 'प्लेन' आणि 'सेल्फ रेझिंग'. दुसऱ्यात बेकिंग पावडर असते, तिच्यामुळे पिठात उमटवलेले पंजे ओव्हनमध्ये पावासारखे फुगून बोटांचे ठसे बुजतात. प्लेनच घे. सांगलीला करशील तर एप्रिल-मेच्या उन्हात कर. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि वाळलेली वस्तूसुद्धा पुन्हा मऊ पडते. इथेही दमट हवेत तेच होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात द्यावा लागतो.

दुसऱ्या चिमट्यापर्यंत फळं. द्राक्षं उभी चिरून चार फोडी, अख्खं द्राक्ष नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम द्यायचे नाहीत असं इथले डॉक्टर सांगतात, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. तेव्हा चिक्की तिच्यासाठी नको, दाण्याचं कूट चालेल. मग बाहेर तासभर. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, म्हणून जी काही भटकंती करायची ती उजेडात. पाऊस असेल तर घमेल्यात चार बोटं पाणी, दोन वाट्या, एक गाळणं. पाण्याजवळ ती असताना एक क्षणही उठायचं नाही, फोन वाजला तरी.

शेवटच्या अर्ध्या तासासाठी तुझ्या हातची एक वस्तू हवी आहे, आणि ती तिथेच शिवून आण: कापडी पुस्तक. बाजारात मिळतं, पण त्यावर गोंदाने चिकटवलेले तुकडे महिन्याभरात निघतात. धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घे. पान तयार २० सेंटिमीटर चौरस, कापताना २२. वरखाली लुगड्याचे तुकडे, मध्ये जुन्या चादरीचा एक थर. तीन बाजू उलट्या शिवून पलटी मारायची, मग गोधडीला घालतेस तसे दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरे. अशी चार पानं पुरेत. त्याहून जाड झालं तर तिच्या हातानं उलटत नाही. डावीकडे दोन सेंटिमीटर रिकामे सोड, तिथे चारही पानं एकत्र शिवायची.

पानांवर काय? एकावर जाड दातांची प्लास्टिकची चेन, दोन्ही टोकं शिवून बंद केलेली. एकावर खिसा आणि त्यात रुमाल. एकावर नाडीची गाठ, पण मोकळी नाडी २० सेंटिमीटरपेक्षा लांब नको, गळ्याला फास बसू शकतो. आणि एकावर गुंडी. शर्टाचं बटण अजिबात नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरून तपासणी करतात. त्या नळीत पूर्ण मावणारी कुठलीही सुटी वस्तू धोक्याची धरतात. घरी शौचालयाच्या कागदाची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्यायची. ती थोडी रुंद असते, त्यामुळे आपली चाचणी अधिक कडकच होते. म्हणून चिंध्या भरून पाच सेंटिमीटरची कापडी गुंडी कर, बुडाशी दुहेरी दोऱ्याने आठ-दहा टाके घाल आणि जोरात ओढून बघ. काज गुंडीपेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा ठेव. काज घट्ट झाला तर ती दोनदा ओढून पुस्तक फेकून देते, फार सैल झाला तर त्यात तिला काही गंमत राहत नाही. मणी, टिकल्या, आरसे काही लावू नकोस.

बाबा, आता तुमचं काम. तुम्हाला रोज रात्री अर्धा तास माझी उजळणी घ्यायची आहे. त्यासाठी नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून पाच कप्प्यांची पेटी केली आहे, आतून ११ सेंटिमीटर रुंद. एफोर आकाराचा जाड कागद तीनदा दुमडून कापला की आठ पत्ते होतात, ते त्यात नेमके बसतात. पुढे प्रश्न, मागे नियम आणि त्याखाली निवाडा किंवा कलम. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. उत्तर बरोबर आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात. चुकलं तर कुठूनही थेट पहिल्यात, दयामाया न दाखवता. दिवसाला नवे पत्ते वीसच घ्यायचे, नाहीतर चौथ्या दिवशी पहिला कप्पा उतू जातो. मी मोठ्याने उत्तर दिल्याशिवाय पत्ता उलटू नका. मनातल्या मनात "येतंय" म्हटलेलं पेपरात येत नाही.

जिथे आपला कायदा डोक्यात पक्का बसला आहे, तिथेच इथलं उत्तर चुकतं, म्हणून त्या पत्त्यांना लाल रेघ आहे. कराराच्या दाव्याची मुदत आपल्याकडे ३ वर्षं, इथे ६, आणि 'डीड' म्हणून, म्हणजे ठरावीक औपचारिक रीतीने, केलेला दस्त असेल तर १२. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात द्यायचा मोबदला, तिसऱ्या माणसाने दिलेलं चालतं. इथे ज्याला वचन दिलं त्यानेच ते द्यावं लागतं. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या मुलाचा करार आपल्याकडे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून मुळातच शून्य. इथे जीवनावश्यक वस्तूंचा असेल तर त्याची वाजवी किंमत त्याला द्यावीच लागते.

जमिनीचा भाग तर तुमच्याच विषयाचा, तुम्ही उभी नोकरी सातबाऱ्यांत काढलीत. इथल्या लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्याचे तीन भाग असतात: पहिल्यात मिळकतीचं वर्णन, दुसऱ्यात मालक आणि त्याच्या विक्रीवरची बंधनं, तिसऱ्यात गहाणासारखे बोजे, म्हणजे आपल्या 'इतर अधिकार' रकान्याच्या जवळपासचं. फरक मुळात आहे. सातबारा हा महसुली अभिलेख, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. इथे नोंद हीच मालकी, आणि नोंदीतल्या चुकीने नुकसान झालं तर रजिस्ट्री भरपाई देते. तरीही सगळंच उताऱ्यावर दिसत नाही: सात वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा प्रत्यक्ष ताब्यात असलेल्याचा जमिनीतला हक्क, नोंद नसतानाही खरेदीदाराला बांधू शकतो. "जागेवर जाऊन ताबा बघून या," असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, तेच इथे परीक्षेत विचारतात.

सामानाचं थोडक्यात. तूप, पेढे, खवा आणू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत. ताज्या मिरच्या, भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नकोत. गोडा मसाला, मेतकूट, नाचणीचं पीठ आणा, सगळं सीलबंद. जुनी मऊ लुगडी जागा असेल तितकी आणा, एका पुस्तकावर भागणार नाही. सुई-दोरा आणि कात्री मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या सामानात नको. आई, चष्म्याचा जास्तीचा जोड विसरू नकोस, इथे चारनंतर दिव्यातच शिवायचं आहे.

छकुलीचा गोड पापा. उत्तर फोनवर नको, गुंडीचं माप घेऊन लिहूनच कळव.

तुमची
लेक