पिशवीत कोंबडा आहे, आधी पत्र वाचा

सिमरोल (इंदूर), शनिवार

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आई माझं वाक्य स्वतःच पूर्ण करून मोकळी होते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. आई, डबे आधी फ्रिजमध्ये ठेव, मग चहा घेऊन बस.

कोंबडा आज पहाटे तुझ्या जावयाने कापला. आज शिजवू नकोस. ताजं मांस आखडलेलं असतं, रात्रभर गारव्यात राहिलं की सैल पडतं. मागच्या खेपेला तू दुपारीच कुकर लावलास आणि बाबांची कवळी सटकली, तो दोष कोंबड्याचा नव्हता. छोट्या डब्यात मान, पाय, पाठीची हाडं आणि कलेजी-पेटा आहे. त्याचा आज रात्री बिनतिखट अळणी रस्सा करा: आलं, लसूण, हळद, मीठ, बस. मोठ्या डब्यातलं उद्यासाठी. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करून अर्धा तास विसरून जा. छातीचे तुकडे वेगळे काढून हाताने तोडून खिम्यासारखे परता, बाबांना चावायला नकोत. दोघांचे दोन दिवस नीट निघतात.

रस्सा काळपट होईल, करपला म्हणून ओतू नकोस. कडकनाथचं मांस, हाडं, कलेजी, सगळंच काळं. झाबुआ-अलीराजपूरकडे ह्याला कालीमासीच म्हणतात. आणि बाबा, सांधेदुखी जाते, ताकद येते, असले मेसेज मला पुढे पाठवू नका. चरबी कमी असते एवढं खरं. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी चालूच राहील. २०१८ साली झाबुआला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून ह्या पक्ष्याचं कौतुक जरा जास्तच झालं. धोनीने रांचीच्या फार्मसाठी २००० पिल्लं मागवल्याचं कात्रण तुम्ही मला दिलंत, आणि इस्लामपूरकडे कडकनाथच्या नावावर लोकांचे पैसे बुडाले, ते २०१९ सालचं कात्रणही तुम्हीच दिलंत. मी विकत नाही, खाते. त्यामुळे बुडायची भीती नाही.

आता आईचा प्रश्न. दसऱ्याला जेवताना तू विचारलंस, "ज्याला सकाळी दाणे टाकतेस, त्याच्यावर सुरी कशी फिरवतेस गं?" तेव्हा पाहुणे होते, मी भाजी वाढायला उठले.

इथे काय चालतं ते सांगते. कडकनाथची कोंबडी अंडी घालते आणि चालू पडते, बसायचं नाव घेत नाही. म्हणून तिची अंडी गावरान खुडुक कोंबडीखाली ठेवावी लागतात, एकीखाली दहा-बारा. ती २१ दिवस जागची हलत नाही, दिवसातून एकदा दाणा-पाण्याला उठते, पिसं फुलवून सगळ्यांना शिव्या देते आणि परत जाऊन बसते. पिल्लं निघतात काळी, आई तांबडी. तिला काही फरक पडत नाही.

पिल्लांना खायला वाळवी लागते. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण आणि पोत्याचा तुकडा भरायचा आणि संध्याकाळी वारुळाशी पालथं घालायचं. सकाळी मडकं उचललं की आत पांढरी वळवळ. मग पाच मिनिटं एकही पिल्लू चिवचिव करत नाही, फक्त चोचींचा टकटक आवाज. तुझ्या नातीला शाळेची बस चुकली तरी चालते, हे चुकवायचं नसतं.

चुका भरपूर केल्या. मालवा म्हणजे सोयाबीन, घरात पोती पडलेली, म्हणून पहिल्या वर्षी कच्चंच भरडून घातलं. पिल्लं खायची, पण अंगाला काही लागेना. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात विचारलं तेव्हा कळलं, कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, उष्णता दिली की त्याचा जोर जातो. तेव्हापासून पेंडच. पुढच्या वर्षी मुंगसाने जाळीखालून बीळ काढून एका रात्रीत अकरा नेली. आता जाळी हातभर खोल पुरली आहे.

म्हणजे आई, मी त्यांना सुरीपासून वाचवत नाही, पण बाकी सगळ्यापासून वाचवते. बाजारातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, हे सहा महिन्यांत सव्वा किलोचे होतात. ते सहा महिने ते उकिरडा उकरतात, लिंबाखाली धुळीत लोळतात, भांडतात. आणि एवढं करून मिळणारं मांस दर आठवड्याला पुरत नाही, म्हणून एक रविवार सोडून एक. दोन्ही घरांना मिळून वर्षाला वीस कोंबडे. मधल्या रविवारी अंड्याची आमटी नाहीतर दाल-बाफले. लहानपणी बाबा सायकलला पिशवी लटकवून मटण आणायचे, तेव्हा तो जीव कुठे वाढला हे आपण कुणी विचारलं नव्हतं. मला आता विचारावंसं वाटतं, इतकंच. कापायच्या दिवशी मला सकाळचे पोहे जात नाहीत, हेही खरंच.

हिशोब पंचांगावर चालतो. पाडव्याच्या आसपास अंडी बसवली की दसऱ्याला कोंबडे तयार. दुसरी खेप दिवाळीनंतर. मध्ये मोठा खाडा, कारण शेजाऱ्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. आपली गटारी येते तेव्हा त्यांचा सावन अर्धा संपलेला. पहिल्या वर्षी आमच्याकडे गटारीचा रस्सा उकळत होता आणि शेजारच्या काकी सोमवारचा प्रसाद घेऊन दारात. तेव्हापासून आम्ही गुरुपौर्णिमेलाच थांबतो आणि तू अनंत चतुर्दशीपर्यंत थांबतेस म्हणून तोवर थांबतो. मग पितृपक्ष, मग नवरात्र. कोंबड्यांचं आयुष्य तेवढं वाढतं.

एक काम आहे. नातीने एका कोंबड्याचं नाव "भिया", म्हणजे इंदुरी "भैया", ठेवलंय. पहाटे तीनला आरवतो, कुत्र्याच्या अंगावर जातो. त्याला कापायचं नाही असं ठरलंय, पण आज सकाळपासून तो दिसत नाही. मला वाटतं सोयाबीनच्या गंजीमागे असेल. ती मात्र माझ्याशी बोलत नाहीये. तिने त्याच्या उजव्या पायात लाल दोरा बांधलाय. छोट्या डब्यातले पाय बघा, दोरा नाही की त्याची खूण नाही, आणि तिला लगेच फोन करून सांगा. माझ्यावर विश्वास नाही, आजोबांवर आहे.

डबे परत पाठवा, झाकणांसकट.

तुमची
धाकटी