नातवाचे नाव पुरुषोत्तम ठेवण्याविषयी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
शनिवार, १३ जून २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाळ आणि बाळंतीण दोघेही सुखरूप आहेत. कालच आम्ही ग्रामीण रुग्णालयातून घरी आलो. बाळाचे वजन पावणेतीन किलो आहे आणि तो दिवसा झोपून रात्री जागतो, एवढीच सध्या तक्रार आहे.

गुरुवारी संध्याकाळी फोनवर मी तुम्हाला ठरवलेले नाव सांगितले, तेव्हा तुम्ही दोघेही गप्प झालात. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "नाव लहानसं ठेव बापा, कागदाले सोपं जाते." आई, तू तर काही न बोलता फोन ताईच्या हातात दिलास. तुमचे गप्प राहणे रागाचे नव्हते, हे मला कळते. पण या गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहून मेहुण्याच्या हाती पाठवतो आहे. तो सोमवारी बियाण्यासाठी अमरावतीला जाणार आहे, तेव्हा तिथून पुढे येऊन तिवसा फाट्यावर उतरून गावात येईल. बाबांनी हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधला कोणताही मजकूर गाळू नये, एवढी विनंती आहे.

प्रथम बाबांच्या म्हणण्याविषयी लिहितो, कारण ते अनुभवातून आलेले आहे. आजोबा गेल्यानंतर वारस फेरफारासाठी तुम्ही किती खेपा घातल्या, ते मी तेव्हा लहान असलो तरी पाहिले आहे. मृत्यूच्या दाखल्यावर पुरुषोत्तम होते, सातबाऱ्यावर गावात हाक मारत तसे परसू होते आणि शिधापत्रिकेवर कुणीतरी परसराम करून ठेवले होते. तिन्ही नावांचा माणूस एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र तुम्ही दोनदा करून दिलेत. पुढे तेच नाव तुमच्या नावामागे लागले. एका ठिकाणी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक टी, दुसऱ्या ठिकाणी दोन टी, अशा एका अक्षराच्या फरकामुळे एका वर्षी पेरणीच्या तोंडावर तुमचे पीककर्ज अडकले आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या. ज्या नावाने एवढे सोसायला लावले, तेच नाव नातवाच्या मागे का लावायचे, हा तुमचा प्रश्न मला खोटा वाटत नाही.

परंतु बाबा, तो दोष नावाच्या लांबीचा नव्हता, असे मला वाटते. आजोबांच्या नावाची पहिली नोंद कुठेच झालेली नव्हती, त्यामुळे पुढे ज्याने ज्याने लिहिले त्याने आपल्या कानाला ऐकू आले तसे लिहिले. आता तशी स्थिती राहिलेली नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते आणि ती रुग्णालयातून झालेली आहे. तिथे नाव सध्या कोरे ठेवले आहे, कारण नाव पुढे बारा महिन्यांपर्यंत शुल्क न देता घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे जन्माचा पुरावा धरला जातो. म्हणजे या एका कागदावर नाव जसे उतरेल, तसेच ते पुढे जाईल. तो अर्ज मी स्वतः भरणार आहे, दुसऱ्या कुणाला सांगून भरून घेणार नाही. मराठीत रु ऱ्हस्व, आणि इंग्रजीत पी, यू, आर, यू, एस, एच, ओ, टी, टी, ए, एम अशी अकरा अक्षरे. हेच स्पेलिंग आधारला, हेच बँकेत आणि हेच शाळेत राहील.

यात आणखी एक भर पडली आहे, तीही सांगून ठेवतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. त्यामुळे बाळाचे पूर्ण नाव कागदावर चांगलेच लांब होईल. तुमच्या सुनेला मी हे लिहून दाखवले, तेव्हा ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. तिच्या वडिलांच्या घरी आजवरच्या कोणत्याही कागदावर मुलाच्या नावाशेजारी त्याच्या आईचे नाव नव्हते. ती म्हणाली, "लांब होऊ द्या, आता कापू नका."

शिक्षक म्हणून माझाही थोडा अनुभव आहे. मेळघाटातल्या आमच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मी दरवर्षी नावे चढवतो. अलीकडे दोन-तीन अक्षरी नावे पुष्कळ येतात. ती गोड असतात आणि ज्याने त्याने आपल्या मुलासाठी विचार करूनच ठेवलेली असतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु मूल सर्वांत आधी आणि सर्वांत आनंदाने जे लिहायला शिकते, ते स्वतःचे नाव असते, हे मी दहा वर्षे पाहतो आहे. माझ्या पहिलीच्या वर्गात एक ज्ञानेश्वर होता. वर्ग अजून काना-मात्रेत असताना तो ज्ञ आणि श्व ही दोन जोडाक्षरे पाटीभर गिरवत बसायचा, कारण ती त्याची होती. पुरुषोत्तम या पाच अक्षरांत दोन उकार आहेत, पोटफोड्या ष आहे, त्याच्यावर ओकार आहे आणि एक जोडाक्षर आहे. आपला मुलगा सहा वर्षांचा होईल तेव्हा तो हे सगळे हट्टाने शिकेल, असे मला आताच दिसते.

आता हेच नाव का, ते लिहितो. बाळ बुधवारी, अधिक ज्येष्ठात जन्मले. इथे शेजारपाजारच्या बायका पाहायला आल्या, तेव्हा एकीने सहज म्हटले की धोंड्याच्या महिन्यातले पोर आहे, धोंडू म्हणा. तिचा हेतू वाईट नव्हता. पण मला त्या क्षणी आजोबा आठवले. चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे ३६५ दिवसांचे, दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात आणि ते साचून तिसऱ्या वर्षी एक महिना उरतो, हा हिशेब त्यांनी मला ओसरीवर तुरीचे दाणे मांडून शिकवला होता. ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो महिना जास्तीचा. त्याला कोणी वाली नव्हता, लोक त्याला मलमास म्हणून हिणवत, तेव्हा विष्णूने त्याला आपले स्वतःचे नाव दिले, ही कथा सांगताना ते दर वेळी थांबायचे आणि म्हणायचे, "अन् मंग तेच नाव माह्या मायनं मले देल्लं."

आजोबांच्या जन्माचे साल कुणालाच सांगता आले नाही. शाळेत गुरुजींनी त्यांच्या नावापुढे त्या काळच्या रीतीप्रमाणे अंदाजाने एक जून लिहून टाकला होता. पण ते अधिक महिन्यात जन्मले एवढे मात्र पक्के होते, कारण ते नावातच होते. त्यांच्या आईजवळ जन्माचा दुसरा कोणताही दाखला नव्हता, तिने तो नावात लिहून ठेवला. अधिक महिन्यातच पणतू जन्मावा आणि आपण त्याला दुसरे काही म्हणावे, हे माझ्या मनाला पटत नाही. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचा हा महिना आणि पुरुषोत्तम म्हणजे रुक्मिणीचा पती, कौंडण्यपूरचा जावई. आपल्या गावापासून वर्धा नदीकाठचे ते देऊळ किती जवळ आहे आणि रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर आजोबा किती वेळा पंढरपूरला पायी गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आई, आता तुझ्याशी बोलायचे आहे.

तू गप्प का झालीस, ते मला त्या रात्री उशिरा उमगले. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तू सासऱ्यांचे, तुझ्या मामाजींचे, नाव कधी तोंडातून काढले नाहीस. मतदार यादीसाठी कुणी दारात आले की तू मला पुढे करायचीस, "सांग रे, आजोबाचं नाव काय ते," आणि मी मोठ्या ऐटीने सांगायचो. मला वाटायचे तुला ते आठवत नाही. अधिक महिन्याला गावातल्या इतर बायका पुरुषोत्तम मास म्हणायच्या, तू नेहमी धोंडा महिनाच म्हणालीस. आजोबा रोज जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचे आणि ऐकून ऐकून तो तुलाही पाठ झाला होता. पण चुलीपाशी बसून त्यांच्या मागोमाग पुटपुटताना तू अठराव्या श्लोकाचा शेवटचा शब्द गिळायचीस, एकोणिसाव्यातला गिळायचीस आणि अध्याय संपल्यावर त्याचे नाव येते तेव्हा तव्यावरची भाकर उलथायचीस. मला तेव्हा ती तुझी चालच वाटत असे. मोठेपणी अध्याय स्वतः वाचला, तेव्हा कळले की तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे.

त्यामुळे "मामाजीचं नाव घेऊन पोराले रागावू कशी मी," असे तुझ्या मनात आले असेल, तर ते योग्यच आहे आणि ताईनेही मला तेच सांगितले. तुझी ती मर्यादा मोडावी, असे मी म्हणणार नाही. तुला नाव घेता आले नाही, तर तू त्याला बाळा म्हण, सोन्या म्हण किंवा आपल्याकडे पुष्कळ आज्या म्हणतात तसे सरळ मामाजी म्हण. तो त्यालाही ओ देईल. मात्र हे नाव टाळावे असेही मला वाटत नाही, कारण आजोबांची जितकी सेवा तू केलीस तितकी आम्हा कुणाकडून झाली नाही. शेवटच्या दोन वर्षांत ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांना कुणाचीच ओळख राहिली नव्हती, पण तुझ्या बांगड्यांचा आवाज आला की ते शांत व्हायचे. ते नाव पुन्हा आपल्या घरात यावे आणि त्याला न्हाऊ-माखू घालणारे हात पुन्हा तुझेच असावेत, एवढीच माझी इच्छा आहे. तरीही तुला मनापासून नको वाटत असेल, तर बारशाच्या आधी मला स्पष्ट सांग. तू नाही म्हणालीस, तर मी हे नाव ठेवणार नाही आणि त्याचे वाईटही वाटून घेणार नाही.

बारसे बाराव्या दिवशी, रविवारी २१ जूनला इथेच आहे. तोवर अधिक महिना संपून निज ज्येष्ठ लागलेला असेल. रीतीप्रमाणे कानात नाव ताईच सांगेल. बाबा, मृगाचा पाऊस झाला आणि तुमची कपाशीची लावण त्याच दिवसांत आली, तर गड्यावर सोपवून एका दिवसासाठी तरी या, संध्याकाळच्या गाडीने परत जाता येईल. आईने मात्र आठ दिवस राहण्याच्या तयारीने यावे.

येताना देवघरातली आजोबांची गीता आठवणीने आणावी. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी बोरूने आपले पूर्ण नाव लिहिलेले आहे, रु ऱ्हस्व आणि त्त ठसठशीत. बारशानंतरच्या सोमवारी मी दाखल्याचा अर्ज भरायला जाणार आहे, तेव्हा नाव त्या पानावरून पाहून उतरवून घेईन.

आपला आज्ञाधारक,
मुलगा