दिल्यास पत्र

सांगली, रविवार

प्रिय दिल्या,

फोनवर तुझ्या आजारपणात पुढे काय करायचं हा विषय काढला की तू क्रिकेटवर जातोस, म्हणून कागद घेतला.

डॉक्टरांनी किडनीपाठोपाठ हृदयही दमलंय म्हणून सांगितलं, ते तू मोजून मिळणाऱ्या अर्ध्या कप चहाबरोबर गिळून टाकलंस. वहिनींनी मला सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

अण्णांची एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. व्हेंटिलेटरची नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीने कॉटच्या दांड्याला बांधले होते. तरी उजवा अंगठा तळव्यावर फिरत होता, तंबाखू मळल्यासारखा. रात्री दोनला फॉर्म पुढे आला : गळ्याला छेद घेऊन नळी घालायचीय, सही करा. अण्णांना हे चाललं असतं का? कधी विचारलंच नव्हतं. केली सही. त्यानंतर एकोणीस दिवस तसेच गेले. ती सही बरोबर होती का, अजून कळत नाही.

तुझ्या नितीनसमोर असा फॉर्म येऊ नये, एवढंच.

पुढच्या तपासणीला विचारून टाक. डायलिसिस झेपेनासं झालं तर काय? थांबवलं तर त्रास किती, तो कमी करायला काय देतात? व्हेंटिलेटर कुठवर? डॉक्टरांना वाटतं पेशंट खचेल, तुला वाटतं ते हात आखडता घेतील. बसलात दोघं गप्प! आणि शेवटपर्यंत सगळं करा असं म्हणायचं असेल, तर तेही सांग की.

हे लिहून ठेवायच्या कागदाचंही सोपं झालंय. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, पण त्यावर मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपलं तोंड बंद पडलं तर कोणी बोलायचं, त्याचं नाव त्यात घालायचं. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं. कागद आहे म्हणून कोणी उद्या मशीन बंद करत नाही. तू बोलू शकतोस तोवर तुलाच विचारतात. पुढेही डॉक्टरांची दोन मंडळं आधी बघतात. ‘म्हणजे मरायची तयारी का?’ म्हणशील. विम्याचे हप्ते तीस वर्षं भरलेस, तेव्हा नाही असं वाटलं.

गुरुवारी डायलिसिसला येतोय. मशीन लावलं की चार तास तुला उठून जाता येत नाही, हे हिशेबात धरूनच.

तुझा,
बाळ्या