रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला माझं मेडिकल दुकान आहे. काउंटरवर जे रोज बघायलोय ते तुमच्या पेपरातून घराघरात जावं म्हणून हे पत्र लिहायलोय. लोक कोलेस्टेरॉलची गोळी मधेच सोडून द्यायलेत आणि सोडलेली डॉक्टरला सांगत पण नाहीत.

नेहमीचं चित्र असं की, अटॅक येऊन गेला, घाईघाईनं संभाजीनगरला नाहीतर नांदेडला नेलं, स्टेंट टाकला, पहिले काही महिने औषध एकदम बिनचूक. मग रक्त तपासलं, एलडीएल (म्हणजे नसांत साठणारं वाईट कोलेस्टेरॉल) खाली आलेला, कागदावर कुठंच ठळक अक्षर नाही, की लगेच दुकानात येऊन सांगतात, "बाकीच्या द्या भाऊ, ती रात्रीची नको आता, नॉर्मल आलंय." अहो काका, ते नॉर्मल आलं ते गोळीमुळंच आलं ना! ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन नावाच्या गटातली औषधं लिव्हरमधलं कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम दाबून धरतात आणि लिव्हर मग रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की दाब सुटला, काही आठवड्यांत आकडा होता तिथं परत. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या असतात हे आता खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला पण पटलंय, पण हिच्या बाबतीत अजून "कोर्स पूर्ण झाला" असंच धरून चाललेत.

आणि तो लॅबच्या कागदावरचा नॉर्मल शब्दच फसवा आहे. उजव्या बाजूला जी रेंज छापलेली असते ती आलेल्या प्रत्येक माणसाला तीच छापतात, धडधाकट पोराला पण आणि बायपास झालेल्या आजोबांना पण. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२४ साली आपल्या देशासाठी गाइडलाइन काढली, त्यात साध्या कमी धोक्याच्या माणसाला एलडीएल १०० च्या खाली, शुगर किंवा बीपी असणाऱ्याला ७० च्या खाली आणि ज्याला अटॅक किंवा लकवा होऊन गेलाय त्याला ५५ च्या खाली असं सांगितलंय. म्हणजे ९२ एलडीएल बघून अटॅक आलेला माणूस खुशीत घरी जातो, पण त्याच्यासाठी ९२ हा नॉर्मल नाहीच. एवढं त्याला कुणीतरी कागदावर पेनानं लिहून द्यायला पाहिजे, "तुमचा आकडा अमुक". डॉक्टर साहेबांकडं गर्दी असते हे मला माहीत आहे, तरी हात जोडून विनंती आहे, तेवढं लिहाच, आणि गोळी किती दिवस ते पण लिहा.

दुसरा प्रश्न हमखास येतो तो आमच्या माळकरी मावश्यांचा. "घरात अंडं शिजत नाही बाबा, मला कसं निघालं कोलेस्टेरॉल?" प्रश्न बरोबर आहे, उत्तर कुणी देत नाही. कोलेस्टेरॉल हे काही विष नाही, प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागतं, पित्त आणि काही हार्मोन त्यापासूनच बनतात, म्हणून शरीर ते स्वतःच बनवतं आणि बराचसा भाग तसाच बनलेला असतो, खाण्यातून येतो तो थोडा. कुणाचं जास्त बनतं, कुणाचं लिव्हर रक्तातलं नीट उचलत नाही, आणि हे घराण्यात चालत येतं. वर डालडा, पामतेलातलं फरसाण, बेकरीची खारी, वाटीनं तूप यातलं सॅच्युरेटेड फॅट (गोठणारी चरबी) एलडीएल वाढवतं, त्याला माळेशी काही घेणंदेणं नाही. तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" मोठ्या अक्षरात असतं, ते खरंच आहे पण त्याचा अर्थ काहीच नाही, कारण झाडापासून निघालेल्या तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंच असतं. पामतेलात पण तसंच, तरी त्यात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड फॅट असतं. बघायचं ते हे. आपली करडई त्या मानानं कितीतरी चांगली, आणि करडई तर मराठवाड्याचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढलेत, घाण्यावरचं करडईचं तेल, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी हे सोडून आपण पाऊच आणायलोय याचं मला खरंच वाईट वाटतं. तेल कुठलंही असो, बेतानंच.

पण खाणं सुधारलं म्हणून अटॅकवाल्यानं गोळी सोडायची नाही. लसूण, लिंबू-आल्याचा काढा, अर्जुनाची साल, मोबाइलवर येणारे "ब्लॉकेज साफ" वाले मेसेज, हे गोळीची जागा घेत नाहीत. लोकांना वाटतं पाइपात गाळ साचतो तसं ते साचतं आणि खरवडून काढता येतं. तसं नाही ते. एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत शिरून साठतं, तिथं सूज येते, वरून पातळ पापुद्रा धरतो, आणि एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. म्हणूनच काल शेतात काम केलेला माणूस आज जातो, आधी काही दुखत-खुपत नसतं. स्टॅटिन आकडा तर खाली आणतंच, शिवाय तो पापुद्रा घट्ट करतं, सूज कमी करतं. स्टेंट टाकला ती एक जागा मोकळी झाली, बाकीच्या नसांचं काम गोळीच करते.

भीती पण खरी आहे, ती उडवून लावणं बरोबर नाही. काहींचं अंग, मांड्या दुखतात. तसं झालं तर डॉक्टरला सांगा, डोस कमी होतो, गोळी बदलता येते, दुसरी औषधं पण आहेत. दुखण्यासोबत लघवी गडद व्हायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. शुगर काठावर असलेल्यांची थोडी वाढू शकते, पण अटॅक आलेल्या माणसाला फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. लिव्हर खराब होतं ही भीती सगळ्यात जास्त आणि प्रत्यक्षात ते फार क्वचित होतं. गरोदर बाईनं किंवा राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरला आधी विचारायचं. पैशाचं म्हणाल तर जनऔषधी केंद्रात ह्याच गोळ्या स्वस्तात मिळतात, मी मेडिकलवाला असून सांगायलोय, तिथून घ्या पण बंद करू नका.

तंबाखू-गुटख्याचं वेगळं लिहावं लागेल एवढं आहे, सध्या एवढंच की गोळी चालू आणि तोंडात पुडी, हे चालणार नाही.

आता तुमच्याकडं मागणं. गावोगाव शिबिरं होतात, बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, फोटो काढतात, लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी, कुणी करत नाही. जयंतीला, गणपतीला जी मंडळं शिबिर घेतात त्यांनी पुढच्या वेळी ही तपासणी धरावी, बऱ्याच लोकांना त्यासाठी उपाशी यायची पण गरज नसते. ज्या घरात बापाला पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत अटॅक आलाय त्या घरच्या पोरांना तर आधी बोलवावं. आणि तुमच्या पेपरात "बिना ऑपरेशन ब्लॉकेज खल्लास" अशा जाहिराती येतात, त्या बघून माझ्याकडच्या लोकांनी चालू औषध टाकून दिलेलं आहे. त्या घेऊ नका साहेब. जाहिरातीचे पैसे दुसरीकडून पण येतील.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकल दुकानदार, जि. परभणी